नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज केला की सगळं देणं मिटतं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचे हे वाचक, वय ४२. चार एकर जिरायती वावर आणि गावातच कृषी सेवा केंद्र. लागोपाठ दोन हंगाम सोयाबीन आणि कपाशीनं दगा दिला, उधारी बसली, दुकान गेल्या दिवाळीत बंद झालं. देणं असं आहे: जिल्हा बँकेचं पीककर्ज १ लाख ४० हजार. पतसंस्थेचं ६ लाख २० हजार, त्याला मामेभाऊ आणि एक मित्र जामीनदार. बियाणं-औषधांच्या ठोक विक्रेत्याचे ४ लाख १० हजार, त्याच्याकडे सह्या केलेले तीन कोरे चेक. गावातल्या एकाकडून शेकडा पाचनं घेतलेले २ लाख, त्यापोटी दीड एकराचं खरेदीखत करून दिलेलं. कब्जा अजून वाचकाचाच. पत्नीच्या नावे मायक्रोफायनान्सचे ४८ हजार. एकूण १४ लाख १८ हजार. उलट बाजूला, उधारीच्या वहीत गावाकडून येणं ५ लाख ७५ हजार. वावराचा भाव ते एकरी सहा लाख सांगतात. पतसंस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दावा लावला आहे, सहायक निबंधकांकडे पुढच्या महिन्यात तारीख आहे. ओळखीतल्या एकाचा सल्ला: "नवीन कायदा आला आहे, दिवाळखोरीचा अर्ज टाक, सगळं माफ होतं. त्याआधी वावर बायकोच्या नावे कर." वाचक स्वतः ग्रामपंचायत सदस्य आहेत. ते विचारतात: अर्ज करू का? घर-वावर राहील का? जामीनदार सुटतील का? ग्रामपंचायतीचं सदस्यत्व राहील का? रात्र रात्र झोप नाही, असंही त्यांनी लिहिलं आहे.

भाऊ,

तुमच्या ओळखीच्यानं अर्धं खरं सांगितलं आहे. २०१६ साली 'इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड' आला, आणि त्यात कंपनी नसलेल्या साध्या कर्जदारासाठी वेगळा भाग लिहिलेलाही आहे. वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नसेल, तर अशा माणसाला नव्यानं सुरुवात करू द्यावी, असं त्यात छापलेलं आहे. छापलेलं आहे, पण चालू झालेलं नाही. तो भाग फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू आहे, १ डिसेंबर २०१९ पासून. आणि तो सगळा चालू झाला असता तरी तुमचे आकडे त्या माफीत बसत नाहीत.

तुम्हाला लागू आहे तो १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट. मुंबई शहर सोडलं तर महाराष्ट्रात तोच चालतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत जातो. इंग्रजांच्या काळातला कायदा आहे, त्यातले आकडेही त्याच काळातले. देणं ५०० रुपयांचं असलं तरी अर्ज करता येतो.

पण अर्ज करता येणं वेगळं आणि तो टिकणं वेगळं. कोर्ट पहिल्यांदा एकच गोष्ट बघेल: देणं फेडण्याची ऐपत खरोखर नाही का? तुमचेच आकडे मांडू. सावकाराकडं अडकलेला दीड एकर बाजूला ठेवला तरी अडीच एकर उरतो. तुमच्या भावानं तो १५ लाखांचा. त्यावर वहीतलं येणं पावणेसहा लाख. देणं १४ लाख १८ हजार. कागदावर तुम्ही नादार नाहीच. तुमच्या हातात आज रोकड नाही, ही गोष्ट वेगळी. लिलावात हा भाव येत नाही आणि सगळी उधारी वसूल होत नाही, हे मान्य. तरी विरुद्ध बाजूचा वकील हीच बेरीज कोर्टापुढं ठेवेल, आणि ऐपत नसल्याचं प्रथमदर्शनीही दिसलं नाही तर अर्ज तिथंच फेटाळला जाईल.

समजा टिकला, तर पुढं काय होतं ते पहा. अर्जात प्रत्येक सावकार-संस्थेचं नाव, पत्ता, रक्कम लिहायची. स्वतःची प्रत्येक मालमत्ता, ती कुठं आहे आणि किमतीची किती हे लिहायचं. आणि ती कोर्टाच्या हवाली करायला तयार आहे असं सांगायचं. सगळ्या धनकोंना, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांना, नोटिसा निघतात. कोर्टानं नादार जाहीर केलं की राजपत्रात नाव छापून येतं आणि मालमत्ता कोर्टाची किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरची होते. तो विकतो, आणि आलेले पैसे हिश्शानुसार वाटतो. तुमची उधारीची वहीसुद्धा त्याच्याकडं जाते, आणि वसुलीला मग तो निघतो. बिनतारणी धनकोंना कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर नवा दावा लावता येत नाही, हा तुमचा खरा फायदा.

वाचतं काय? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जे जप्तीतून सुटतं ते इथंही सुटतं: अंगावरचे कपडे, भांडीकुंडी, अंथरूण, धर्मरीतीनं स्त्रीला काढता येत नाहीत असे दागिने, शेतीची अवजारं, पोटापुरते बैल आणि बियाणं, आयुर्विम्याचे पैसे. कास्तकार राहतो ते घरही सुटतं, मात्र ते गहाण दिलेलं नसावं. आणि इथं तुमच्या बाबतीत एक खोच आहे. त्या कलमात कास्तकार म्हणजे स्वतः वावर कसणारा आणि मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर जगणारा. तुमची इतकी वर्षं मिळकत दुकानातून होती की वावरातून, यावर वाद होईल आणि घराचं संरक्षण त्या वादावर लटकेल. वावराला मात्र अशी सूटच नाही.

एवढ्यावरही भागत नाही. नादार जाहीर झाल्यापासून मुक्ततेचा आदेश (उरलेल्या देण्यातून सोडवणारा कोर्टाचा आदेश) मिळेपर्यंत तुमच्या वाट्याला जे येईल तेही रिसीव्हरकडं जातं. वडिलांच्या नावावर काही असेल आणि मधल्या काळात वारसानं तुमच्याकडं आलं, तर तेही गेलं. शिवाय त्या काळात आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. १९२० चा आकडा तसाच राहिला आहे. युरियाचं एक पोतं आज २६६ रुपये ५० पैशांना येतं. तेवढंही गुपचूप उधारीवर उचलायची सोय नाही.

आणि शेवटची पायरी, मुक्ततेचा आदेश, आपोआप मिळत नाही. नादार जाहीर करताना कोर्ट मुदत घालून देतं, त्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो. तारीख चुकली तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि धनको पुन्हा मोकळे. अर्ज वेळेत केला तरी मागच्या तीन वर्षांची हिशेबाची वही नीट नसेल, बुडालो हे कळूनही धंदा चालू ठेवला असेल, किंवा बिनतारणी देण्याच्या रुपयामागं आठ आणेही निघत नसतील आणि ते आपल्या दोषानं नाही हे पटवता आलं नाही, तर पूर्ण मुक्तता नाकारली जाते. हा सगळा हिशेब महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजायचा.

आता जामीनदार. नाही, ते सुटत नाहीत. तुमची मुक्तता झाली तरी त्यांची जबाबदारी कायम राहते, असं त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. तुम्ही कोर्टाच्या आडोशाला गेलात की पतसंस्था दुसऱ्या दिवशी मामेभावाच्या दारात जाईल. ठोक विक्रेत्याकडचे चेकही नादारीनं थांबत नाहीत, कारण चेक न वटणं हा फौजदारी मामला. जिल्हा बँकेच्या तारणालाही नादारीचा आदेश आड येत नाही. सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी तर मुक्ततेनंतरही उरतात. म्हणजे ज्या देण्यांनी तुमची झोप उडवली आहे, त्यातली बहुतेक या दारातून बाहेर पडत नाहीत.

वावर पत्नीच्या नावे करायचा सल्ला सोपा वाटतो, कारण नवरा-बायकोत शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपयेच लागतं. ते करू नका. बक्षीस दिल्यापासून दोन वर्षांत नादारीचा अर्ज झाला तर रिसीव्हर ते बक्षीसपत्र रद्द करून घेऊ शकतो. अर्ज कधीच केला नाहीत तरी धनकोंना बुडवायला केलेलं हस्तांतरण म्हणून दिवाणी कोर्टात ते पाडता येतं. मालमत्ता लपवल्याचं सिद्ध झालं तर नादारी कायद्यातच वर्षभरापर्यंत कैद आहे. शिवाय आजवर जी बाई फक्त ४८ हजारांची देणेकरी आहे, तिला तुम्ही चौदा लाखांच्या भांडणात पक्षकार करून ठेवाल.

मग करायचं काय? तुम्ही पाच देण्यांची एक बेरीज केलीत आणि ती बेरीज तुम्हाला खाते आहे. ही पाच देणी पाच वेगवेगळ्या कायद्यांखाली येतात. ती सुटी करा.

सुरुवात सावकारापासून, कारण तिथं तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे. शेकडा पाच म्हणजे महिन्याला १० हजार, वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. बिगरपरवाना सावकारी हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. आणि कर्जापोटी लिहून घेतलेलं खरेदीखत, ते १५ वर्षांच्या आतलं असेल तर, चौकशी करून जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयातही देता येते. सोबत लावा: खरेदीखताची नक्कल, त्या दिवशी बँकेत किंवा फोनवरून आलेल्या रकमेची नोंद, दर महिन्याला दिलेल्या व्याजाच्या नोंदी, आणि सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीचे उतारे. कब्जा तुमचाच आहे आणि पेरा तुमच्याच नावे लागतो आहे, हे या प्रकरणात सोन्यासारखं. खरी खरेदी झाली असती तर घेणाऱ्यानं वावर सोडलं असतं का? रोखीत दिलेल्या व्याजाला पुरावा नसेल तर साक्षीदाराचं नाव द्या. आणि आजपासून त्याला एक रुपयाही हातात देऊ नका. द्यायचेच झाले तर खात्यातून. गावातच राहायचं असल्यानं ही तक्रार जड जाते हे कळतं. पण दीड एकर म्हणजे तुमच्याच भावानं नऊ लाख, आणि ते दोन लाखांसाठी अडकलेत.

दुसरी, पतसंस्था. तुमची तारीख जवळ असल्यानं घाई इथं आहे. कलम १०१ खाली वसुलीचा दाखला एकदा निघाला की नियम १०७ प्रमाणं जप्ती आणि लिलाव सुरू होतो, तुमच्यावर आणि जामीनदारांवर एकाच वेळी. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. म्हणून जे बोलायचं ते दाखला निघण्याआधी, आणि लेखी. तारखेला गैरहजर राहिलात तर त्यांचा आकडा तसाच्या तसा कायम होईल. आधी कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागा. व्याजदर करारातलाच लावला आहे का, दंडव्याजावर पुन्हा व्याज चढवलं आहे का, तुमचे शेअर्स किती, आणि दुकानातून पिग्मी जात असेल तर ते पैसे कुठं आहेत, हे बघा. एजंटानं नेलेली रक्कम उताऱ्यात दिसत नसेल तर पिग्मीचं पुस्तक घेऊनच जा. मग संचालक मंडळाला सामोपचारानं एकरकमी परतफेडीचा अर्ज द्या. जामीनदारांनाही सोबत न्या. त्यांच्यापासून लपवणं हा यात सगळ्यात महाग पडणारा प्रकार. तडजोड ठरली तर संस्थेच्या कागदावर, ठराव क्रमांक आणि मुदत लिहून घ्या. 'भरा तुम्ही, पाहून घेऊ' यावर पैसे भरले की ते व्याजात जातात आणि मुद्दल तसंच राहतं. पूर्ण फेड झाल्यावर निरंक दाखला घ्या आणि बोजा चढवलेला असेल तर पटवाऱ्याकडून फेरफार करून उतरवून घ्या. तडजोडीचा शेरा सिबिलमध्ये राहतो आणि पुढच्या कर्जाला नडतो, हे धरून चला.

इथं एक अवघड गोष्ट लिहितो. तडजोड झाली तरी पैसा लागेलच, आणि तो कदाचित वावरातूनच येईल. एक एकर विकला तर तुमच्या भावानं पतसंस्थेचं जवळपास सगळं मिटतं आणि दोन्ही जामीनदार मोकळे होतात. पीककर्जाचा बोजा असेल तर आधी बँकेचं ना-हरकत लागेल. वावर विकणं आपल्याकडं कमीपणाचं मानतात, मलाही ते सहज सांगवत नाही. पण स्वतः गिऱ्हाईक पाहून विकलेला एकर आणि लिलावात गेलेला एकर यांच्या भावात फार फरक पडतो. घरात सगळ्यांशी बोला, मगच ठरवा.

ठोक विक्रेत्याचं प्रकरण चेकमुळं वेळेचं आहे. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत त्याला नोटीस पाठवावी लागते, नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला पैसे द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात त्याला फिर्याद लावता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, किंवा दंड चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत. चेक कोरा दिला होता हा बचाव फारसा चालत नाही. सही तुमची, म्हणजे देणं आहे असं कोर्ट गृहीत धरतं. म्हणून चेक बँकेत जाण्याआधी तुम्हीच रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवा: मुदत न गेलेला सीलबंद माल परत घ्या, उरलेल्याचे हप्ते असे असे, आणि पहिल्या हप्त्यासोबत कोरे चेक परत. नोटीस आलीच तर १५ दिवसांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे. खटला कुठल्याही टप्प्यावर तडजोडीनं मिटवता येतो.

पीककर्ज सगळ्यात स्वस्त, म्हणून त्याला शेवटी हात लावायचा असं बहुतेक जण करतात आणि तिथंच गमावतात. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. थकलं की सवलत जाते आणि नवं कर्जही मिळत नाही. गावाची पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) ५० पैशांच्या आत लागली असेल तर पुनर्गठनाचा अर्ज बँकेत लेखी द्या. माफीची वाट पाहत थकवू नका. २०१७ आणि २०१९ च्या दोन्ही माफ्यांना रकमेच्या, तारखेच्या अटी होत्या. पत्नीचं मायक्रोफायनान्स छोटं आहे, चालू ठेवा. वसुलीवाला सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर येत असेल तर कंपनीकडं लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ वर.

आता ती वही. उधारीला तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी देणेकऱ्यानं 'आज तारखेस इतके रुपये देणं मान्य' असं लिहून सही केली की नवी तीन वर्षं सुरू होतात. म्हणून या हंगामात मागायला जाल तेव्हा पैसे नाही मिळाले तरी सही घेऊन या, खाली तारीख टाका. अनुदानित खत ई-पॉस मशीनवर आधार लावून विकलं जातं, त्यामुळं कुणी 'मी नेलंच नाही' म्हटलं तर त्या पावत्या कामाला येतात. सोयाबीनची सोंगणी झाली आणि कापसाचे चुकारे आले की आठवड्याच्या आत जा. संक्रांतीनंतर गेलात तर तो पैसा दुसऱ्या कुणाचा झालेला असतो. मोठ्या रकमांसाठी तालुका विधी सेवा समितीकडं दावा लावण्याआधीच्या लोकअदालतीत प्रकरण ठेवा. कोर्ट फी नाही, आणि तिथली तडजोड हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक.

कर्ज फिटत नाही म्हणून तुरुंग, ही भीती तुमच्या पत्रात दिसली. पैशाच्या हुकूमनाम्यात अटक होते ती ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्याला, आणि दिवाणी कैद तीन महिन्यांपर्यंतच. स्त्रीला तर अशी अटक करताच येत नाही. झोप उडण्याच्या पुढचे विचार मनात येत असतील तर टेलि-मानसच्या १४४१६ वर आजच फोन करा. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात.

हे सगळं करून पाहिल्यावर, वावर लिलावात गेलं, तरी हुकूमनामे शिल्लक आहेत आणि विकण्याजोगं काही उरलं नाही, अशी वेळ आली तर १९२० चा कायदा खरोखर उपयोगाचा आहे. मजुरीवर जगणाऱ्याला धनकोंच्या दाव्यांतून तो सोडवू शकतो. पण त्यात तुमच्या ग्रामपंचायतीच्या प्रश्नाचं उत्तरही आहे: नादार जाहीर झालेल्याला स्थानिक संस्थेत निवडून येता येत नाही आणि सदस्य म्हणून बसताही येत नाही. ही अपात्रता नुसत्या मुक्ततेनं जात नाही; नादारी गैरवर्तनामुळं नव्हे तर दुर्दैवानं आली असा कोर्टाचा दाखला मुक्ततेच्या आदेशासोबत लागतो. तो मुक्ततेच्या अर्जातच मागून घ्यायचा.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. चौकशीचा क्रमांक १५१००. जाताना १०१ ची नोटीस, सातबारा, आठ-अ, खरेदीखताची नक्कल, पतसंस्थेचा खातेउतारा आणि उधारीची वही सोबत असू द्या. वहीच्या सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मूळ वही कुणाकडं सोडून येऊ नका.